दोन पानं आणि तीन ओळी : मुलांना घरी शिकवावं का, या प्रश्नापाशी आलेलं एक ख्रिस्ती कुटुंब

रविवारची उपासना संपली, लोक बाहेर पडत होते. एक गृहस्थ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलंय आम्ही. तुम्ही प्रार्थना करा." त्यांची पत्नी शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. लहानपणी ती माझ्याच शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या, वर्गात होती, त्यामुळे तिचं गप्प राहणं मी ओळखते. निर्णय झालेला नव्हता. दोघांपैकी एकाचा झाला होता.

पुढच्या सव्वा वर्षात या कुटुंबाबरोबर मी वरचेवर बसले. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मी २७ वर्षं शाळेत शिकवलं, तेव्हा माझा कल शाळेकडे असणार, हे वाचणाऱ्याने धरून चालावं. त्या कलापायी सुरुवातीला माझी एक चूकही झाली. ती पुढे सांगते.

घरात तीन मुलं. थोरली मुलगी बारा वर्षांची, मधला मुलगा आठ वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. वडील सकाळी साडेआठला बाहेर पडतात आणि रात्री आठपर्यंत परततात. आई घरूनच अर्धवेळ हिशेबाचं काम करते. तिच्या कमाईवर घर चालत नाही, पण त्या कमाईवाचून महिन्याची शिल्लक राहत नाही.

पहिल्या बैठकीत मी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं आणि कागद दिला. घरी का शिकवायचं, ते एकमेकांना न विचारता लिहा, एवढंच सांगितलं. अर्ध्या तासाने वडिलांची दोन भरलेली पानं आली. वर्गातली मुलं मोबाइलवर काय काय बघतात. एका शिक्षकाने सगळ्या वर्गासमोर "देवबिव काही नसतं" असं म्हटलं. स्पर्धा, भाषा, कपडे, संगत. शेवटी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा दाखला आणि खाली अधोरेखित वाक्य : मुलं देवाने आपल्याला दिली आहेत, शाळेला नाही.

आईच्या कागदावर तीन ओळी होत्या. "मुलगा रविवारी संध्याकाळी पोट दुखतं म्हणून रडतो. मला ते बघवत नाही. मला शिकवायला जमेल का, माहीत नाही."

तिथे मी चुकले. शाळा बुडवायला पोट दुखणारी मुलं मी शेकड्याने पाहिली होती. सवयीने बोलून गेले, "अगं, ते होतं मुलांना, थोडं खंबीर राहा." तिने मान हलवली आणि कागदाची घडी केली. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची माहिती त्या तीन ओळींत होती आणि मी ती बाजूला सारली. पुढचे पाच आठवडे आम्ही दोन पानांवरच बोलत राहिलो.

वचन काय सांगतं

वडिलांचा सगळा भर अनुवाद ६:६-७ वर होता, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला, असं ते वचन आहे. त्यांचं म्हणणं असं, की मुलं दिवसाचे सात तास दुसऱ्यांच्या हाती असतील तर ही आज्ञा पाळायची कशी?

मी विचारलं, "निजताना आणि उठताना मुलं कुठे असतात?"

"घरीच."

"तेव्हा काय चालतं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरली, जी दाराशी उभी राहून ऐकत होती, म्हणाली, "पप्पा फोनवर असतात." तिला रागावू नका, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि खरं तर ते रागावलेही नाहीत. कौटुंबिक प्रार्थना त्या घरात कितीतरी महिने झाली नव्हती. वचनात ज्या चार वेळा नेमून दिल्या आहेत, त्यांतल्या निदान दोन तरी शाळेने घेतलेल्या नव्हत्या.

यावरून मुलांना घरी शिकवू नये असं सिद्ध होत नाही. मी तसं म्हटलंही नाही. त्या वचनाने जबाबदारी कुणाची ते पक्कं ठरतं : आईवडिलांची. अंकगणित कोण शिकवणार, याबद्दल ते काही सांगत नाही. पवित्र शास्त्रात दोन्ही तऱ्हेची माणसं भेटतात. तीमथ्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला आणि बाळपणापासूनच त्याला पवित्र लेखांची ओळख होती. मोशेला आधी त्याच्या आईने पाजलं-वाढवलं आणि मग तो मिसरी लोकांच्या सर्व विद्येत तयार झाला (प्रेषितांची कृत्ये ७:२२). दानीएल बाबेलच्या राजवाड्यात तीन वर्षं खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकला, पण राजाच्या ताटातलं अन्न त्याने नाकारलं. काय शिकायचं आणि काय नाकारायचं हे त्याला कळत होतं. ते त्याला बाबेलमध्ये कुणी शिकवलं नसणार.

वडिलांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दानीएल लहान मूल नव्हता, बाई." हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आठ वर्षांच्या मुलाला बाबेलमध्ये पाठवून दानीएल होण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. ख्रिस्ती मुलांनी शाळेत जाऊन साक्ष द्यावी, मीठ आणि प्रकाश व्हावं, असं मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, अनेक जण सहज म्हणतात. ते ओझं कोवळ्या खांद्यांवर टाकताना मला भीती वाटते. मूल शाळेत जातं ते शिकायला. साक्ष मोठ्यांनी द्यावी.

नीतिसूत्रे २२:६ काढलं तेव्हा मात्र चर्चेची दिशाच बदलली. हे वचन पाठ नसलेलं ख्रिस्ती घर सापडणं अवघड, पण पहिल्या तीन शब्दांवर आपण थांबत नाही : 'मुलाच्या स्थितीस अनुरूप'. मूळ इब्रीतही 'त्याच्या वाटेप्रमाणे' असाच अर्थ निघतो. मी विचारलं, तुमच्याकडे तीन मुलं आहेत, तिघांची स्थिती सारखी आहे का? वडिलांच्या दोन पानांवर सगळीकडे 'मुलं' हाच शब्द होता, एकाही मुलाचं नाव नव्हतं. आईच्या तीन ओळी एकाच मुलाविषयी होत्या.

तेव्हा मला माझी चूक उमगली. मी तिची क्षमा मागितली आणि त्या घडी केलेल्या तीन ओळी पुन्हा उघडायला सांगितल्या.

वेस्ली यांचं घर

वडिलांनी सुझाना वेस्ली यांच्याविषयी बरंच वाचलं होतं आणि पत्नीपुढे तेच उदाहरण ते वारंवार ठेवत. म्हणून त्याविषयी थोडं सविस्तर.

अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्या या आईला १९ मुलं झाली. त्यांतली १० जगली. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी मुलाला शिकायला बसवायचं. पहिल्या दिवशी अक्षरं. वर्ग रोज सहा तास, सकाळी तीन आणि दुपारी तीन. आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखलेली, त्यात जॉनच्या वाट्याला गुरुवार होता. १७०९ मध्ये घराला आग लागली आणि काही काळ मुलं वेगवेगळ्या घरी राहिली. तिथून ती वाईट सवयी घेऊन आली म्हणून सुझानाबाई हळहळल्या. यातलं बरंचसं त्यांनी १७३२ मध्ये जॉनला लिहिलेल्या पत्रात आहे, आणि वडिलांना त्यातला आगीनंतरचा भाग विशेष भावला होता.

मी त्यांना दुसरी बाजू दाखवली. पती सॅम्युएल कर्जापायी १७०५ मध्ये तुरुंगात होते, तरी घरचा वर्ग चालू राहिला, कारण तो चालवणं हेच त्या बाईचं दिवसभराचं काम होतं. त्या हिशेबाचं अर्धवेळ काम करत नव्हत्या. आणि एकेका मुलासाठी राखलेली संध्याकाळ? तसं करायला शाळा सोडावी लागत नाही. त्या घरात तेवढी एकच गोष्ट आजच्या आज उचलता येण्यासारखी होती, आणि ती बापही करू शकतो.

मंडळीच्या इतिहासातही एकच वाट नाही. मार्टिन लूथर यांनी १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून ख्रिस्ती शाळा काढायला सांगितलं. त्यांचं कारण रोखठोक होतं : काही आईबापांना मुलांची कळकळ नसते, बहुतेकांना शिकवता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना वेळ नसतो. १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी ग्लॉस्टरमध्ये रविवारची शाळा सुरू केली ती आठवडाभर राबणाऱ्या मुलांना वाचायला यावं म्हणून. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलं आणि त्याच घोषणापत्रात शाळेचं महत्त्वही सांगितलं. आपल्या पंडिता रमाबाई कुठल्याही शाळेत न जाता आईकडून संस्कृत शिकल्या आणि पुढे ख्रिस्ती झाल्यावर शेकडो मुलींसाठी त्यांनी शाळा उभ्या केल्या. हे मी एवढ्यासाठी सांगितलं, की मंडळीत या प्रश्नावरून एकमेकांचा विश्वास मोजण्याची वाईट सवय लागते. घरी शिकवणारे तेवढे निष्ठावान आणि शाळेत पाठवणारे जगाला शरण गेलेले, किंवा याच्या उलट. या कुटुंबाला दोन्ही बाजूंनी असे बोल ऐकावे लागले होते.

कायद्याबाबत थोडक्यात, कारण तिथे मतं मांडण्यासारखं काही नाही. आधी तो बघायचा. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे. घरी शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात शिक्षण शाळेत 'किंवा अन्य प्रकारे' देण्याची मुभा आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरचं शिक्षण कायदेशीर आहे, पण नोंदणी आणि परीक्षांचे नियम राज्यागणिक वेगळे. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवून चालायचं, २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. या कुटुंबाने राहत्या ठिकाणचा नियम लेखी मिळवला, वकिलाला एकदा दाखवला, मगच पुढचं पाऊल टाकलं.

चार आठवड्यांची वही

चर्चा नुसती चर्चाच राहत होती. म्हणून सुट्टी लागल्यावर मी सुचवलं, चार आठवडे घरी शाळा आहे असं समजून वागा आणि वही ठेवा. कोण किती वेळ बसलं, काय शिकवलं, कोण चिडलं, काहीही न लपवता. वडिलांनी आनंदाने वेळापत्रक केलं. गणित आणि विज्ञान त्यांच्याकडे, रोज रात्री साडेआठ ते साडेनऊ, आठवड्याचे पाच दिवस. बाकी सगळं आईकडे.

ती वही माझ्यापुढे आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. वडिलांच्या वीस संध्याकाळींपैकी सात झाल्या होत्या. उरलेल्या तेरांमध्ये आळस कुठेच नव्हता. उशीर, थकवा, कामाचे फोन, एकदा ताप. पण शिकवणारा कोण, याचं उत्तर त्या आकड्यांतून मिळालं. 'आम्ही घरी शिकवणार' या वाक्यातला 'आम्ही' म्हणजे ती होती.

तिच्या नोंदी बारकाईने केलेल्या होत्या. आठ वर्षांच्या मुलाला लागोपाठ वीस मिनिटांपेक्षा जास्त वाचायला बसवलं की तो विस्कटतो. पण वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे केले तर टिकतो. सगळा अभ्यास मिळून दिवसाला अडीच तास पुरतात. शाळेतला पुष्कळ वेळ हजेरी, रांगा आणि पस्तीस जणांना गप्प करण्यात जातो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. धाकटी दर दहा मिनिटांनी येऊन वही ओढते. हिशेबाचं काम रात्री दहानंतर सरकलं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यात दोन चुका झाल्या.

पहिल्या आठवड्यात मुलाने विचारलं होतं, "आई, घरच्या शाळेत मोठ्याने वाचावं लागतं का? सगळ्यांसमोर?"

आणि अकराव्या दिवशीची नोंद : "आज तोच शब्द चौथ्यांदा चुकला तेव्हा मी ओरडले. त्याच्या वर्गशिक्षिका म्हणतात अगदी तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. तो काही बोलला नाही. पोट दाबून बसला."

घरचं शिक्षण आपोआप मायेचं असतं, असं समजणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद वाचायला हवी. शाळेत मूल एका शिक्षकाकडून दुखावलं तर घरी आई असते. घरी आईच शिक्षक झाली तर दुखावल्यावर त्याने जायचं कुठे? हा प्रश्न तिनेच विचारला, आणि वडिलांना तो आतपर्यंत लागला, हे मला दिसलं. इफिसकरांस पत्रात मुलांना चिरडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा, असं सांगताना पौल 'बापांनो' अशी हाक मारतो. आम्ही त्या दिवशी तेवढंच वाचलं आणि प्रार्थना करून उठलो.

मुलाची तपासणी

तोच शब्द चौथ्यांदा चुकणं माझ्या डोक्यात राहिलं. मी त्याचं वाचन ऐकलं. तोंडी गोष्ट सांगायला लावली तर तो रंगून सांगतो, अंदाज बांधतो, विचारतो. छापलेली ओळ समोर आली की अक्षरांची अदलाबदल, जोडाक्षरापाशी थबकणं, मग पहिलं अक्षर बघून शब्द मनानेच ठरवणं. आधी डोळे आणि कान तपासून घेतले, दोन्ही ठीक निघाले. मग तज्ज्ञांकडे रीतसर चाचण्या झाल्या. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं.

आईला त्या दिवशी रडू आलं, पण ते सुटकेचं होतं, असं तिनेच सांगितलं. तिचा मुलगा आळशी नव्हता, हट्टी नव्हता, आणि रविवारचं पोट खरोखरच दुखत होतं. भीतीने पोट दुखतं तेव्हा ते खोटं नसतं. हे मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर किती मुलांशी मी वेगळं वागले असते.

आता शाळा वाईट म्हणून मुलाला काढायचं की मुलाची गरज वेगळी म्हणून, हा फरक स्पष्ट झाला. नुसतं घरी आणल्याने डिस्लेक्सिया जात नाही. त्याला ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी पायरीपायरीने, रोज, न कंटाळता करून घेणारं शिक्षण लागतं, ते कुठेही मिळो. म्हणून आईवडील आधी शाळेत गेले. त्याला वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये, लेखी कामाला जास्त वेळ द्यावा, एवढंच मागितलं. मुख्याध्यापकांनी मान्य केलं. वर्गात ते पाळलं गेलं नाही. दोन महिन्यांत तीनदा त्याला उभं करून वाचायला लावलं. तक्रार केली की काही दिवस बरे जायचे.

थोरलीचं म्हणणं

बारा वर्षांच्या मुलीला कुणी विचारलंच नव्हतं. वडील म्हणाले, लहान आहे, तिला काय कळतं. मी त्यांना लूकच्या शुभवर्तमानातला बारा वर्षांचा येशू दाखवला, गुरुजनांमध्ये बसून ऐकणारा आणि प्रश्न विचारणारा. ते हसले आणि मुलीला हाक मारली.

तिने फार काही सांगितलं नाही. तिच्या एका मैत्रिणीची आई दीर्घ आजारी आहे. मधल्या सुट्टीत ती मैत्रीण हिच्याशिवाय कुणाशी बोलत नाही. "मी घरी बसले तर मधल्या सुट्टीत तिच्याजवळ कोण बसणार?" मग थोडं थांबून, "आणि पप्पा, वर्गातली मुलं मोबाइलवर बघत होती त्या व्हिडिओची गोष्ट मीच मम्मीला सांगितली होती. मी तिथून उठून गेले होते. मला शाळेतून काढणार असाल तर पुढच्या वेळी मी सांगणार नाही."

वडील बराच वेळ खाली बघत होते. त्यांच्या भीतीला आधार नव्हता असं अजिबात नाही. तो व्हिडिओ खरा होता, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती असं काही पडणं ही भयंकर गोष्ट आहे. पण मुलगी घरी येऊन सांगते, हे त्या घराचं मोठं धन होतं आणि तिला शाळेतून काढल्याने ते गेलं असतं. त्यांनी शाळेकडे लेखी तक्रार केली, इतर दोन पालकांशी बोलले, आणि घरी रात्री नऊनंतर सगळ्यांचे फोन एका ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम केला. सगळ्यांचे म्हणजे स्वतःचाही. देव नसतो म्हणणाऱ्या शिक्षकाच्या वाक्यावर बापलेक तीन संध्याकाळी बोलले. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं त्यांना देता आली नाहीत, आणि तसं त्यांनी तिला सांगितलं.

काय ठरलं

निर्णय तिघांसाठी तीन प्रकारचा झाला. थोरली शाळेतच. धाकटीचा प्रश्न अजून पुढ्यात नाहीच. मोरावियन बंधुमंडळीचे बिशप कोमेनियस यांनी सतराव्या शतकातच पहिल्या सहा वर्षांना आईच्या मांडीवरची शाळा म्हटलं होतं, तीच तिची शाळा. मुलगा एक वर्ष घरी.

'एक वर्ष' हे शब्द मी आग्रहाने लिहून घेतले. दर तीन महिन्यांनी बैठक. शाळेत परत पाठवायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं, तेही आधीच लिहिलं : आईची तब्येत किंवा आई-मुलाचं नातं बिघडायला लागलं तर, सहा महिन्यांत वाचनात काहीच फरक नाही असं तज्ज्ञ म्हणाले तर, किंवा मुलाने स्वतः परत जायचं म्हटलं तर. संकटात असताना माणूस मोजमाप बदलतो, म्हणून ते शांत डोक्याने आधी ठरवलेलं बरं.

आईने हिशेबाचं काम निम्मं केलं. त्याने शिल्लक जाणार होती, तेव्हा त्या वर्षी कुठला खर्च टाळायचा याची यादी दोघांनी केली. वडिलांच्या रात्री टिकत नाहीत हे वहीत दिसलंच होतं, म्हणून रात्र सोडून सकाळ धरली. साडेसहा ते सव्वासात. पंधरा मिनिटं सगळ्यांची कौटुंबिक प्रार्थना आणि अर्धा तास मुलाचं गणित. शनिवार सकाळ विज्ञानाला. वाचनासाठी आठवड्यातून दोनदा प्रशिक्षित शिक्षिका, कारण अकराव्या दिवसानंतर आईनेच सांगितलं की जिथे त्याला सर्वांत जास्त लागतं तिथे मी एकटी नको.

माझी एक अट होती, त्यावर थोडा वाद झाला. घराबाहेरची निदान दोन मोठी माणसं मुलाला नियमित भेटली पाहिजेत, ज्यांना तो आईवडिलांच्या माघारी काहीही सांगू शकेल, आणि त्यातलं एक मंडळीबाहेरचं असावं. वडिलांना यात अविश्वास दिसला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तुमच्या घराविषयी मला शंका नाही. पण शाळा सुटली की मुलावरची रोजची बाहेरची नजर सुटते, आणि ज्या घरांत मुलं खरोखर संकटात असतात तिथे ती नजर नसण्याची फार मोठी किंमत मुलंच मोजतात. चांगल्या घरांनी हा नियम आनंदाने पाळला तर वाईट घरांना तो टाळणं अवघड जाईल. ते तयार झाले. मैदानावरचे प्रशिक्षक आणि मंडळीतले एक निवृत्त सुतारकाम करणारे आजोबा, अशी दोन माणसं ठरली.

घरी शिकलेली मुलं पुढे जास्त हुशार निघतात का, त्यांचा विश्वास जास्त टिकतो का, असं वडिलांनी मला विचारलं होतं. अशा पाहण्यांत बरेचदा स्वखुशीने माहिती देणारी कुटुंबं असतात आणि स्वखुशीने पुढे येणारी कुटुंबं मुळातच उत्साही असतात. शाळेमुळे काय झालं आणि घरामुळे काय, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. त्या आकड्यांवर मी कुणाचं मूल ठेवणार नाही, ना या बाजूला ना त्या.

वर्षभरात

पहिल्या महिन्यात रविवारचं पोट दुखायचं थांबलं. वाचन मात्र लगेच सुधारलं नाही. पाचव्या महिन्यापर्यंत आईला वाटत होतं की आपण त्याचं नुकसान करतोय. सहाव्या महिन्याच्या चाचणीत फरक दिसला, थोडाच, पण नक्की. सातव्या महिन्यात ती इतकी थकली की एक आठवडा सगळं बंद ठेवलं. वडिलांनी रजा घेतली आणि त्या आठवड्यात दिवसभर मुलाबरोबर राहिल्यावर मला फोन करून म्हणाले, "बाई, ती हे रोज करते?" मी म्हटलं, हे तिला सांगा.

थोरलीचंही सोपं गेलं नाही. शाळा तिनेच निवडली होती, तरी भाऊ उशिरा उठतो, आईबरोबर असतो, याचा तिला राग येऊ लागला. तेव्हा सुझानाबाईंची संध्याकाळ कामी आली. मंगळवारी आई आणि ती, दोघीच, फिरायला. तो मंगळवार अजून चुकलेला नाही.

वडिलांची सकाळ टिकली. दहाव्या महिन्यात एके दिवशी कौटुंबिक प्रार्थनेत शास्त्रपाठ वाचायला मुलाने स्वतः हात पुढे केला. मार्काच्या शुभवर्तमानातल्या चार ओळी, बोट ठेवून. धाकटी मध्येच बोलली तेव्हा थोरलीने तिच्या तोंडावर हात ठेवला. हस्ताक्षर आणि शुद्धलेखन अजून फार मागे आहे. तज्ज्ञांचं मत आहे की आणखी एक वर्ष असंच चालू द्यावं. मला वर्ष पुरेल असं वाटलं होतं.

मुलाला आता मुलांची आठवण येते. चित्रकलेच्या आणि खेळाच्या तासापुरतं शाळेत जाता येईल का, असं त्याने विचारलं. जुन्या शाळेत तशी सोय नाही. दुसऱ्या एका लहान शाळेशी बोलणं चालू आहे. तिथे वाचनासाठी वेगळी खोली आणि वेगळ्या शिक्षिका आहेत. आई अर्ध्या मनाने तयार आहे, वडील अजून नाहीत.

पुढच्या महिन्यात तिमाही बैठक आहे आणि या वेळी तोही बसणार आहे. आईवडिलांनी पहिल्यांदा वेगवेगळ्या खोल्यांत बसून कागदावर लिहिलं होतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने आईकडून वहीचं एक पान मागून घेतलंय आणि दार लावून घेतलं. कुणी मदतीला यायचं नाही, असं सांगून.